भास्कराचार्यांची संख्या आणि पाटणचा मठ

शके ११०५ मध्ये, म्हणजे इ. स. ११८३ च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा छोटेखानी ग्रंथ रचला, तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचा. ग्रहांची स्थाने काढावयाची तर मोजणी कोठून धरावयाची, हा प्रश्न पंचांगकर्त्यापुढे प्रथम उभा राहतो. आज जगाने त्यासाठी ग्रीनिचची रेषा मानली आहे. त्या काळी भारतीय ज्योतिषी लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी आणि उज्जयिनीवरून ओढलेली मध्यरेषा मानीत. या रेषेवरील स्थाने भास्कराचार्यांनी एका श्लोकात गुंफून दिली. त्यांत कांची आहे, पर्यली म्हणजे बहुधा आपली परळी आहे, उज्जयिनी व कुरुक्षेत्र आहे; आणि पर्यलीला जोडूनच वत्सगुल्म हे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी भास्कराचार्यांच्या काळापूर्वीच लयाला गेली होती. परंतु गणिताच्या नकाशावर तिचे स्थान कायम होते. वाशिममधील मध्यमेश्वराचे देवस्थान आजही या मध्यरेषेशी जोडले जाते.

या एका उल्लेखाच्या आधारे भास्कराचार्यांना वाशिमचे ठरविण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःच आपला ठावठिकाणा सांगून ठेवला आहे. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे त्यांचे गाव. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या वंशाचा सर्वांत भरवशाचा पुरावा खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे सापडला आहे. त्या पुराव्याकडे पुढे वळावयाचे आहेच. कारण भास्कराचार्यांच्या बुद्धीचे कौतुक करताना ती बुद्धी कोणी पोसली आणि तिचे फळ कोणी राखले, हा हिशेब बहुधा मांडलाच जात नाही.

विद्येचे घराणे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि गणिताचे पहिले पाठ मुलाने त्यांच्याच पायाशी बसून घेतले. घराण्यात विद्येची परंपरा कित्येक पिढ्यांची होती. पूर्वजांपैकी एकाला भोज राजाकडून विद्यापती ही पदवी मिळाल्याची नोंद आहे. दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी होत होती आणि यादवांचा उदय होत होता. राज्ये डळमळत असताना एका घरात बाप मुलाला ग्रहगती शिकवीत होता, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. पण त्या काळातून टिकून राहिले ते याच घरातील लेखन.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पहिल्या भागात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अव्यक्त राशींचे गणित आणि शेवटच्या दोहोंत ज्योतिष. शिवाय ग्रहगणित व गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच भाष्यही लिहिले. नियम सांगून न थांबता तो नियम का खरा आहे हे पटवून देण्याची वृत्ती त्यात दिसते. ग्रहाची एका दिवसाची गती आणि त्या क्षणाची गती यांत फरक केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. चलनकलनाच्या उंबरठ्यावरचा हा विचार होता.

‘लीलावती’च्या नावाभोवती एक करुण कथा गुंफली गेली आहे. घटिकापात्रात मोती पडल्याने मुलीचा विवाहमुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही ती कथा. ती आपल्याला माहीत आहे ती फैजीने अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार सापडत नाही. मात्र ग्रंथ शिकणाऱ्याला जवळ बसवून, भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या उदाहरणांतून गणित समजावतो, हे खरे आहे. वर्गात रोज फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट कथेहून अधिक मोलाची वाटावी.

याच ग्रंथाच्या आरंभी संख्यांच्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत यांपासून निघून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व अशा पायऱ्यांनी ती परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. व्यवहारात एवढ्या मोठ्या संख्येचे काम कोणालाच पडत नव्हते. परंतु भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणित’ ग्रंथात एक असे उदाहरण आहे, की ज्याचा पडताळा घ्यावयाचा तर परार्धाच्याही पलीकडे जावे लागते.

एकसष्टचे कोडे

प्रश्न ऐकावयास अगदी साधा आहे. अशी कोणती पूर्ण संख्या, की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्याही पूर्ण वर्ग असेल? या प्रकाराला वर्गप्रकृती असे नाव होते. ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर चटकन मिळते : ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळविला की ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतले तरी अडचण नाही : ८ चा वर्ग ६४, त्याची बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. दोन्ही शेजारी असे सरळ असताना मधला ६१ मात्र विलक्षण हट्टी निघतो. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे. आणि वर्गमूळ म्हणून जी मोठी संख्या येते ती १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास! या संख्येचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१, म्हणजे एकतीस परार्धांहून अधिक. शंभरापर्यंतच्या दुसऱ्या कोणत्याही संख्येला एवढे मोठे उत्तर लागत नाही.

हे उत्तर चाचपडत शोधणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. मिनिटाला एक या वेगाने, अहोरात्र न थांबता एकेक संख्या पडताळून पाहिली तरी सुमारे चारशे तीस वर्षे लागतील. अर्थात भास्कराचार्यांनी ते तसे शोधले नाही. त्यांच्यापाशी रीत होती. तिचे नाव चक्रवाल.

या रीतीचा पाया त्यांचा नव्हता. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने असे दाखविले होते, की अशा दोन अपुऱ्या उत्तरांचा विशिष्ट प्रकारे संयोग केला असता तिसरे उत्तर निघते. चक्रवालाचे विवेचनही भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितीने केले होते. १०७३ मधील एका टीकाग्रंथातून ते १९५४ मध्ये प्रकाशात आले. रीतीला नेटके रूप देऊन ६१ सारख्या दुर्घट उदाहरणावर ती चालवून दाखविणे, हे भास्कराचार्यांचे काम होय. विद्येच्या क्षेत्रात कोणीही कोऱ्या पाटीवर आरंभ करीत नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

रीतीचे मर्म असे. प्रथम अचूक उत्तराचा हट्ट सोडावयाचा आणि जवळपासचे उत्तर घ्यावयाचे. १ च्या वर्गाची एकसष्टपट ६१. त्यात ३ मिळविले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. एक मिळवावयाचा होता, मिळविले तीन. या अधिक-उण्याला क्षेप म्हणतात. आता एक सोयीची संख्या निवडून पहिल्या उत्तरावरून दुसरे काढावयाचे. ती संख्या येथे ७ येते आणि नवे उत्तर ५ मिळते : ५ चा वर्ग २५, त्याची एकसष्टपट १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. क्षेप उणे चार झाला, की ब्रह्मगुप्ताची युक्ती कामास येते. तिच्या साहाय्याने पुढच्या दोन पायऱ्यांत ३८०५ ही संख्या मिळते. तिच्या वर्गाच्या एकसष्टपटीतून १ वजा केला तर २९७१८ चा वर्ग येतो. एक मिळविण्याऐवजी वजा झाला, एवढेच वैगुण्य उरले. या उत्तराचा स्वतःशीच संयोग केला, की ते वैगुण्यही जाते आणि ती अब्जातील संख्या समोर उभी राहते.

तिची जडणघडण पाहण्यासारखी आहे. १७६६३१९०४९ मधून १ वजा करून निम्मे करावे : ८८३१५९५२४ येतात, आणि तो बरोबर २९७१८ चा वर्ग असतो. उलट १ मिळवून निम्मे करावे : ८८३१५९५२५ येतात, आणि ती ३८०५ च्या वर्गाची नेमकी एकसष्टपट असते. ज्या दोन संख्यांमधून ती जन्मली, त्या दोघींच्या खुणा तिच्या दोन्ही बाजूंना अशा लागून आहेत. तिला २२६१५३९८० ने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढील सतरा स्थळांपर्यंत अचूक मिळते. कोणत्याही विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि यांतील एकेक विधान पडताळून पाहावे. भास्कराचार्यांवर विश्वास ठेवण्याची गरजच नाही, हेच त्यांच्या गणिताचे थोरपण होय.

पाचशे वर्षांनंतर

भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधील फर्मा या गणितीने युरोपातील गणितज्ञांना याच जातीचे आव्हान दिले. फ्रेनिकल या आपल्या देशबांधवासाठी त्याने निवडलेल्या संख्यांत ६१ ही होती. हा योगायोग म्हणता येणार नाही; लहान दिसणारी पण सर्वांत अधिक छळणारी संख्या दोघांनाही तीच आढळली. विजापूर आणि नाशिक, पॅरिस आणि लंडन असा भेद संख्येला ठाऊक नसतो. इंग्लंडमधील ब्राउंकर व वॉलिस यांनी सामान्य रीत शोधली. पुढे ऑयलरच्या एका गैरसमजामुळे या समीकरणाला पेल या तिसऱ्याच गृहस्थाचे नाव चिकटले. आणि अठराव्या शतकात लाग्रांजने रीत दर वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच याची सिद्धता दिली. युरोपला भास्कराचार्यांची खरी ओळख झाली ती त्याही नंतर, कोलब्रुकच्या १८१७ मधील इंग्रजी भाषांतरामुळे.

येथे अभिमानाला भरपूर जागा आहे. पण त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आहे. पाचशे वर्षांची आघाडी आपल्याकडे असताना पुढची पायरी दुसरीकडे का चढली गेली? चक्रवाल अखेर थांबतेच, याची सिद्धता आपल्याकडे प्रसिद्ध झाली ती कृष्णस्वामी अय्यंगार यांच्या हातून, १९२९ च्या सुमारास. मधल्या काळात टीकाकार झाले नाहीत असे नाही. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली, मूळच्या विदर्भातील घराण्यात जन्मलेल्या कृष्ण दैवज्ञांनी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ रचले. केरळातील गणितींनी तर अनंत श्रेढींच्या दिशेने मोठी झेप घेतली. तरीही या विशिष्ट प्रश्नाबाबत बहुतेक परिश्रम जुने नीट समजावून देण्यात खर्ची पडले. फर्माचे पत्र समुद्र ओलांडून प्रतिस्पर्ध्याला डिवचीत होते. आपल्या पोथ्या घराण्याच्या दप्तरात बांधलेल्या राहिल्या. बुद्धी दोहोंकडे होती. संवादाची व्यवस्था एकीकडेच वाढली, असे म्हणणे भाग आहे.

पळीभर तेलाचे अर्थशास्त्र

व्यवस्था आपल्याकडे कधीच नव्हती, असे मात्र नव्हे. पाटणचा शिलालेख त्याची साक्ष देतो. मुंबईचे विख्यात वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारी नेऊन पंडितांचे अग्रणी केले. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. दानाचा दिवस शके ११२८ मधील श्रावण पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा. इसवी सनाप्रमाणे हे वर्ष १२०७ येते. ज्योतिषाच्या विद्यापीठाला याहून शोभणारा मुहूर्त कोणता असणार!

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु उत्पन्नाचा तपशील आला, की भाषा मराठी होते. कारण तो तपशील ज्यांनी पाळावयाचा ती माणसे बाजारातील होती. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला जो कर मिळे, तो मठाला दिला गेला. विक्रेत्यांकडून ब्राह्मणांना मिळणारा हक्क ब्राह्मणांनी सोडला. नगराने आपल्यातर्फे दामाचा विसावा हिस्सा देऊ केला. काही पोफळे ठरली. आणि जेवढे तेलाचे घाणे गावात चालत, तेवढ्यांमागे एकेक पळी तेल मठाकडे जाऊ लागले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मजकूर कोणत्याही प्रशस्तीहून बोलका आहे. येथे केवळ राजाचे औदार्य नाही. एका लहानशा बाजारपेठेतील तेली, व्यापारी आणि गिऱ्हाईक, सगळ्यांच्या व्यवहारातून थेंबाथेंबाने जमणाऱ्या उत्पन्नावर अब्जांचे गणित शिकविणारी शाळा उभी होती. घाण्याला बैल जुंपणाऱ्या माणसाला वर्गप्रकृती कळण्याचे कारण नव्हते, आणि बहुधा त्या विद्येचे दारही त्याला मोकळे नव्हते. परंतु मठातील दिवा त्याच्या पळीभर तेलावर जळत होता, हे विसरता येणार नाही. ज्ञान हे काही एकट्या प्रतिभावंताचे कर्तृत्व नसते. त्यामागे कोणाचा तरी रोजचा घाम असतो. ज्यांनी पोसले त्यांच्या मुलांना शिकण्यास मिळाले असते, तर त्या परंपरेचा प्रवाह किती रुंदावला असता, याची कल्पनाच करावी.

रेषेची चूक आणि धडा

पुन्हा वाशिमकडे वळावे. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैन सुमारे ७५.८ पूर्व रेखांशावर, तर वाशिम ७७.१ वर आहे. म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीत. उज्जैनपेक्षा वाशिमला मध्यान्ह सुमारे पाच मिनिटे आधी होते. चंद्रग्रहणाच्या वेळांवरून आणि प्रवासाच्या अंतरांवरून रेखांशाचा अंदाज बांधण्याच्या त्या काळात एवढा फरक राहावा, यात नवल नाही. परंपरेने आलेली यादी भास्कराचार्यांनी स्वीकारली आणि ती थोडी चुकली. त्यांची संख्या मात्र एका एककानेही चुकलेली नाही. मोजमाप काळागणिक सुधारते, सिद्ध झालेले गणित जसेच्या तसे राहते, हा भेद या दोन उदाहरणांतून स्वच्छ दिसतो. भास्कराचार्यांचा खरा अनुयायी तो, जो त्यांची संख्या तपासून मान्य करील आणि त्यांची रेषा तपासून दुरुस्त करील.

१९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेले वाशिम २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. मागासलेपण मोजण्याचीही आता आकडेवारी झाली आहे. अशा जिल्ह्यात प्राचीन मध्यरेषेचा अभिमान सांगणे सोपे असते. रिसोड, मानोरा किंवा मालेगावच्या एखाद्या शाळेत गणिताची गोडी लावणारा शिक्षक टिकवून धरणे अवघड असते. पाटणच्या लोकांनी आठशे वर्षांपूर्वी अवघड तेच केले. त्यांनी भास्कराचार्यांचा पुतळा उभारल्याची नोंद शिलालेखात नाही. नोंद आहे ती कराची, पोफळांची आणि तेलाची.

एका पिढीने संख्या शोधावी, दुसरीने ती शिकवावी, आणि गावाने दोघींचा खर्च उचलावा, असा तो करार होता. त्यातील पहिले कलम प्रतिभेवर अवलंबून आहे. ती कोठे जन्म घेईल हे सांगता येत नाही. उरलेली दोन कलमे समाजाच्या हाती असतात. भास्कराचार्यांचे चरित्र वाचून अभिमानाने मान उंचावताना या दोन कलमांपैकी आपण किती पाळतो, एवढा हिशेब प्रत्येक गावाने स्वतःशी करावयास हवा.